व्यवसायाचा वाहनपरवाना : वर्ग आणि मुदत

(गोव्यातील ग्रामीण युवक, वाहनमालक व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सत्तरी, डिचोली, फोंडा, सांगे, केपे या तालुक्यांतील अनेक घरांमध्ये एकच गोष्ट थोड्याफार फरकाने घडत आलेली आहे. घरातील एखादा मुलगा शाळा अर्धवट सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो. चाकांत हवा आहे की नाही ते पाहणे, ताडपत्री बांधणे, गाडी मागे घेताना मागे उभे राहून ओरडणे, सकाळी काच पुसणे, ही त्याची कामे. वर्ष-दोन वर्षांत ड्रायव्हर चहाला उतरला की तो गाडी चार हात पुढे-मागे करू लागतो. पुढे कधीतरी रात्रीच्या फेरीत ड्रायव्हरचे डोळे मिटू लागतात आणि स्टिअरिंग त्या मुलाच्या हाती येते. त्याला गाडी चालवता येते याविषयी गावात दुमत नसते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या रात्री तो बिनपरवाना चालक असतो. त्या फेरीत काही विपरीत घडले, तर त्याच्या कौशल्याची साक्ष द्यायला गाव कामी येत नाही.

गाडी येणे आणि ती चालविण्याचा अधिकार असणे, या दोन गोष्टींमधील अंतर आपल्या समाजात फारसे कोणी मोजत नाही. पुष्कळांचा समज असा, की परवाना म्हणजे पोलिसाने हात दाखविला की खिशातून काढावयाचा कागद. वस्तुतः मोटार चालवून पोट भरणाऱ्या माणसाची ती सनद आहे. शेतकऱ्याला एक-चौदाचा उतारा जसा, तसा त्याला परवाना. उताऱ्यावर काय लिहिले आहे हे शेतकरी वाचून घेतो किंवा वाचवून घेतो. परवान्यावर काय लिहिले आहे, हे मात्र कित्येक चालकांनी एकदाही नीट पाहिलेले नसते. तेथे दोन गोष्टी पाहावयाच्या असतात : कोणत्या वर्गाचे वाहन चालविण्याची अनुज्ञा आहे, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत आहे. आजचे विवेचन मुख्यतः या दोन गोष्टींभोवती राहील.

परवाना राज्याचा परिवहन विभाग देतो. कायदा केंद्राचा आहे. पूर्वीचा १९३९ चा मोटार वाहन कायदा जाऊन १९८८ चा कायदा आला व तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे, तर गोव्याचे स्वतःचे मोटार वाहन नियम १९९१ चे आहेत. परवाना एका राज्यात मिळाला तरी तो साऱ्या भारतात चालतो. चोर्ला घाटातून बेळगावला किंवा अनमोडवरून रामनगरकडे जाणाऱ्या चालकाला पलीकडे गेल्यावर दुसरा परवाना लागत नाही. उलट, एका माणसाने एकाच वेळी दोन परवाने बाळगणे कायद्याने वर्ज्य आहे. एक येथला आणि एक मामाच्या गावचा, असे दोन परवाने ठेवून आपण मोठी सोय केली असे मानणारे लोक सीमाभागात भेटतात. ती सोय नव्हे, गुन्हा आहे.

आता पायऱ्यांकडे वळू. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर हलक्या मोटार वाहनाचा परवाना मिळू शकतो. मध्यम वा अवजड परिवहन वाहन, म्हणजे ट्रक, टिप्पर किंवा बस, चालवावयाची असेल तर वय २० पूर्ण असावे लागते, आणि हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन किमान एक वर्ष झालेले असावे लागते. ही अट पुष्कळ तरुणांना अन्यायाची वाटते. अठराव्या वर्षी ट्रक हाकण्याची ताकद अंगात असते, मग दोन वर्षे वाया का घालवावी, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु लहान गाडीने नवशिका माणूस जी चूक करतो, ती बहुधा पत्र्यावर निभावते. तीच चूक दहा-बारा टन माती भरलेल्या टिप्परने केली की समोरच्याला सुधारण्याची संधी उरत नाही. ही दोन वर्षे क्लीनर म्हणूनच काढली, तरी ती वाया गेली असे म्हणता येणार नाही. उत्तम ड्रायव्हर याच वाटेने आलेले आहेत. मात्र अठरा पूर्ण होताच हलक्या वाहनाचा परवाना काढून ठेवावा. तो एकोणिसाव्या-विसाव्या वर्षापर्यंत लांबविला, की वर्षाची अट तेथून मोजली जाते आणि ट्रकचा दिवस तितकाच पुढे ढकलला जातो.

पहिला कागद शिकाऊ परवान्याचा. अर्ज, शुल्क आणि चाचणीची वेळ ठरविणे ही कामे आता 'सारथी' या संगणकीय व्यवस्थेतून होतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस होईपर्यंत मुख्य चाचणी देता येत नाही. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात 'एल' अक्षर लावावे लागते, आणि शेजारी परवानाधारक शिकविणारा बसलेला असावा लागतो. शेजारचा माणूस अशा जागी हवा, की वेळ पडल्यास त्याला गाडी थांबविता आली पाहिजे. गावातला मित्र मागच्या बाकावर बसून सूचना देतो आहे, याला कायदा शिकविणे म्हणत नाही.

मोठ्या वाहनासाठी आणखी दोन कागद लागतात. एक, नोंदणीकृत डॉक्टरचा नमुना १-अ मधील दाखला. दुसरा, मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण शाळेचा नमुना ५ मधील दाखला. पैकी डॉक्टरचा दाखला पुष्कळदा केवळ सहीपुरता उरतो, ही खेदाची गोष्ट आहे. त्या नमुन्यात विचारलेले प्रश्न साधे पण मार्मिक आहेत. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरपाटी वाचता येते काय? तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो काय? रात्री कमी दिसते काय? रात्री डोळ्यांना कमी दिसणारा माणूस हे लपवून ट्रकवर बसला, तर तो फसवितो ते कार्यालयाला नव्हे. रंगांधतेच्या बाबतीत २०२० साली नियम थोडा सैल झाला असून सौम्य व मध्यम स्वरूपाचा दोष असलेल्यांना परवाना मिळण्याची वाट मोकळी झाली आहे. तेव्हा लपविण्याऐवजी नीट तपासून घेतलेले बरे.

शिक्षणाच्या अटीविषयी अद्याप गैरसमज आहेत. परिवहन वाहनाच्या चालकाने किमान आठवी उत्तीर्ण असावे, असा नियम पूर्वी होता. तो २०१९ साली काढून टाकण्यात आला. हरियाणातील मेवात भागात शाळा न शिकलेली परंतु वाहन चालविण्यात तरबेज अशी अनेक माणसे या अटीमुळे रोजगारास मुकत होती. त्या राज्याने हा प्रश्न केंद्राकडे नेला आणि लाभ देशभरच्या चालकांना झाला. आपल्याकडे सातवीत शाळा सुटलेला, आज पस्तिशीला आलेला माणूस 'आपल्याला लायसन मिळायचे नाही' असे समजून अजूनही क्लीनरच राहिलेला आढळतो. त्याला कोणी तरी जाऊन हे सांगावयास हवे. पाटीवरील खूण ओळखणे, चिन्हांचा अर्थ जाणणे, ही अपेक्षा अर्थातच कायम आहे. शिकाऊ परवान्याची चाचणी त्याच विषयाची असते. पेट्रोल, गॅस वा रसायने यांसारखा धोकादायक माल नेणाऱ्या चालकाची गोष्ट मात्र निराळी. त्याला घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, आणि त्याने वेगळे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. टँकरच्या अंगावर लिहिलेली सूचना अपघाताच्या वेळी वाचता आली नाही तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

मुख्य चाचणीविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. चाचणी म्हणजे मैदानात एक फेरी मारणे, असा सार्वत्रिक समज आहे. केंद्रीय नियमांतील १५ वा नियम जरा वाचून पाहिला, तर तो घाटात मुरलेल्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरने सांगितल्यासारखा वाटतो. गाडी सुरू करण्यापूर्वी आरसा नीट लावणे. सगळे गिअर क्रमाने टाकीत सुरळीत निघणे. उतारावर वेळीच खालच्या गिअरमध्ये येणे. उभ्या चढणीवर थांबून, हँडब्रेकचा योग्य उपयोग करून, गाडी इंचभरही मागे न घसरता पुन्हा निघणे. अरुंद जागेत डावीकडे वा उजवीकडे मागे घेणे. अकस्मात प्रसंगी थांबणे. यातील उतारावरील गिअरची अट सर्वांत मोलाची. घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची खोड अनेकांना असते. मग साऱ्या वजनाचा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही. दोन-चार रुपयांच्या डिझेलसाठी माणूस जीव पणाला लावतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा धडा आणि हा नियम एकच गोष्ट सांगतात.

चाचणीत अपयश आले तर सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा अपयश आल्यास पुन्हा बसण्यापूर्वी ६० दिवस थांबण्याची तरतूद कायद्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीने तेथे उपचारात्मक प्रशिक्षणाची भर घातली. नापास होण्यात लाज मानण्याचे कारण नाही. लाज वाटावी ती न चालविता पास होण्याची. आणि येथे एजंटांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. अर्ज भरून देण्याचे पैसे घेणारा माणूस वेगळा आणि 'तू येऊ नकोस, मी सगळे पाहतो' म्हणणारा वेगळा. दुसरा माणूस ज्याचे 'सगळे पाहतो', त्याला पुढे चढणीवर गाडी मागे घसरताना कोणी पाहावयास नसते. केंद्राने २०१६ च्या अखेरीस ठरविलेल्या दरांत शिकाऊ परवान्याचे शुल्क प्रत्येक वर्गास १५० रुपये आणि मुख्य चाचणीचे ३०० रुपये होते. एजंटाने सांगितलेला आकडा कार्यालयातील फलकाशी ताडून पाहिला, तर त्यातील किती शासनाचे आणि किती त्याचे, ते ध्यानात येईल.

प्रशिक्षण शाळांविषयीही हेच. नियमाप्रमाणे परिवहन वाहनाचे प्रशिक्षण ३० दिवसांपेक्षा कमी असता कामा नये. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आले असून त्यांत मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठेविला आहे. अशा केंद्रात उत्तीर्ण झालेल्याला कार्यालयात पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. अशा केंद्राचा दाखला विकत घेतला गेला, तर मात्र मध्ये चाळण म्हणून काहीच उरणार नाही.

आता वर्गाचा प्रश्न. हलके मोटार वाहन म्हणजे काय? एकूण वजन, अर्थात गाडी आणि तिला मान्य असलेला माल मिळून होणारे वजन, ७,५०० किलोपर्यंत असलेले परिवहन वाहन 'हलके' या वर्गात येते. १२,००० किलोंच्या वरचे मालवाहन अवजड आणि मधले ते मध्यम. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने भाड्याचा छोटा टेम्पो चालवावा की नाही, यावर वर्षानुवर्षे विमा कंपन्या आणि अपघातग्रस्त यांच्यात खटले चालले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगण प्रकरणात, आणि पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, हा प्रश्न निकालात काढला. ७,५०० किलोंच्या आतील परिवहन वाहन चालविण्यास हलक्या वाहनाचा परवाना पुरे. वेगळ्या नोंदीची गरज नाही. बाजारात भाजी वा मासळी नेणाऱ्या छोट्या गाड्यांच्या चालकांना हा मोठा दिलासा होय.

परंतु या निर्णयाचा अर्थ गावोगाव भलताच लावला जात आहे. 'आता साध्या लायसनवर ट्रक चालतो' असे लोक बोलतात. मर्यादा ७,५०० किलोंची आहे. खनिजाचा टिप्पर किंवा दहा चाकांचा ट्रक तिच्या कितीतरी पलीकडे आहे, आणि धोकादायक मालाच्या गाड्याही या सवलतीत येत नाहीत. त्याचप्रमाणे टॅक्सी, बस किंवा आपल्याकडील पिवळी-काळी मोटारसायकल चालविणाऱ्या पायलटाने प्रवासी नेण्याबाबत राज्याच्या नियमांखाली बिल्ला घ्यावयाचा असतो, तो स्वतंत्र विषय आहे. गाडीचे एकूण वजन नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. चालकाने नोकरी धरताना पगाराआधी तो आकडा विचारावा.

मालकांनीही हे ऐकावे. बिनपरवाना किंवा अयोग्य परवान्याच्या माणसाला गाडी देणे हा मालकाचाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालक आणि मालक दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड ही लहान गोष्ट. समजा, अवजड ट्रक हलक्या वाहनाच्या परवानाधारकाच्या हाती आहे आणि रस्त्यावरचा एक कमावता माणूस त्याखाली गेला. विमा उतरविलेला आहे, हप्ते भरलेले आहेत. तरीही, मालकाने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने परवाना न पाहता गाडी दिली असे कंपनीने सिद्ध केले, तर २००४ च्या स्वर्णसिंग निर्णयाच्या वाटेने असा आदेश होऊ शकतो, की कंपनीने मृताच्या कुटुंबाला आधी भरपाई द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी. हा मालक म्हणजे कोणी धनाढ्य असतो असे नाही. पुष्कळ वेळा तो पतसंस्थेचे कर्ज काढून, घरातील दागिने गहाण ठेवून एक ट्रक घेतलेला शेजारचाच माणूस असतो. ज्याने परवाना मागून पाहिला, तारीख आणि वर्ग तपासला व त्याची प्रत आपल्याजवळ ठेविली, त्याची बाजू न्यायालयात बळकट राहते. शेजाऱ्याच्या मुलाकडे परवाना मागणे अवघड वाटते खरे. पण ती भीड फार महाग पडते.

मुदतीची गोष्ट आपल्या राज्यात विशेष जिव्हाळ्याची आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्यंतरी काही काळ काम चालले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयानंतर मार्च २०१८ पासून ते पुन्हा बंद पडले. उसगाव, साखळी, कुडचडे या बाजूंना ट्रक रांगेने उभे राहिले, त्यांच्या टायरांखाली गवत उगवले. चालकांपैकी कोणी मजुरीला गेला, कोणी बागायतीत रमला. परवाना कपाटात राहिला. परवान्याची तारीख मात्र ट्रकबरोबर उभी राहत नाही. परिवहन परवान्याची मुदत तेव्हा तीन वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली, आणि धोकादायक मालासाठी एक वर्षाऐवजी तीन वर्षांची. मुदत वाढली ही चांगली गोष्ट. त्याच दुरुस्तीने दुसरे टोक आवळले, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. पूर्वी मुदत संपल्यानंतर पाच वर्षांपर्यंत चाचणीविना नूतनीकरण होऊ शकत असे. आता एक वर्ष उलटले की चाचणी पुन्हा द्यावी लागते. मुदतीनंतरचे ३० दिवस परवाना चालू मानण्याची जुनी सवलतही गेली. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा अखेरच्या आठवड्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

२०२४ साली डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा असा परवाना बाहेर काढणाऱ्याला वीस वर्षांच्या अनुभवासह नवशिक्यांच्या रांगेत उभे राहावे लागणे क्रमप्राप्तच होते. पन्नाशीच्या माणसाला ते जड जाते. पण चार-सहा वर्षे स्टिअरिंगला हात न लावलेल्या माणसाची एकदा परीक्षा व्हावी, यात कायद्याचे फार चुकले असेही म्हणता येत नाही. चुकले असेल तर एवढेच, की हे त्याला वेळेवर कोणी सांगितले नाही. पंचायतीच्या फळ्यावर चार ओळी लागल्या असत्या तर पुष्कळांची पायपीट वाचली असती.

कार्डावर एक बारकावा आहे. त्यावर दोन मुदती छापलेल्या असतात. एक खाजगी वाहनासाठी, दुसरी परिवहन वाहनासाठी. पहिली पुष्कळ लांबची असते, कारण तिशीच्या आत घेतलेला खाजगी परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. घाईत माणूस तीच वाचतो आणि निर्धास्त राहतो. व्यवसायाची मुदत दुसऱ्या ओळीत असते आणि ती बहुधा आधी संपते. नूतनीकरणाच्या वेळी नमुना १-अ चा वैद्यकीय दाखला पुन्हा लागतो, हेही ध्यानी असावे.

शाळेतील शिक्षकांना येथे एक लहानसे काम करता येण्याजोगे आहे. नववी-दहावीच्या वर्गात पुढे ट्रकवर जाणारी मुले कोणती, हे शिक्षकाला बहुधा ठाऊक असते. त्या मुलांचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांवरील नाव व जन्मतारीख एकमेकांशी जुळते की नाही, एवढे शाळा सोडण्यापूर्वी पाहून द्यावे. एका कागदावर वडिलांचे नाव एक आणि दुसऱ्यावर दुसरे, जन्मसालात एका वर्षाचा फरक, अशा कारणांवरून अर्ज अडतात आणि मग एजंटाचे दार ठोठावले जाते. मुलींच्या बाबतीतही हीच गोष्ट. कायद्याने स्त्री-पुरुष असा भेद केलेला नाही.

कार्यालयाच्या बाबतीत २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय केलेली आहे. राज्यात राहणाऱ्या माणसाला राज्यातील कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. वाळपईकडचा मुलगा फोंड्यात कामाला असेल, तर त्याने रजा टाकून डिचोलीलाच जावे असे आता नाही. फोंड्याच्या कार्यालयातही त्याचे काम होऊ शकते. जाताना मूळ कागद न्यावेत, आणि कार्ड हाती पडताच दाराबाहेर येण्यापूर्वी त्यावरील नाव, वाहनाचा वर्ग आणि दोन्ही तारखा वाचून घ्याव्यात. चूक असल्यास तिथल्या तिथे दाखविता येते.